निघू निघू म्हणत थांबलेला देश

२९ मार्च २०१९, रात्रीचे ११. युरोपियन युनियनमधून बाहेर पडायचा, म्हणजे ब्रेक्झिटचा, मुहूर्त ब्रिटननं दोन वर्षं आधीच काढून ठेवला होता. आम्ही दोघांनी लंडनची तिकिटं काढली ती भाचीकडे पाडवा करायचा म्हणून. मुहूर्त आमच्या मुक्कामातच पडतोय, हे जावयानं फोनवर सांगितलं तेव्हा लक्षात आलं. "मामा, या तुम्ही, पण त्या आठवड्यात इथं भाजी मिळेल का ते विचारू नका," असं तो हसत म्हणाला. हसण्यात निम्मी काळजी होती.

ज्यांनी कंटाळून या विषयाच्या बातम्या वाचणं सोडलं असेल, त्यांच्यासाठी थोडक्यात. जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोक म्हणाले बाहेर पडा, ४८.१ टक्के म्हणाले राहा. पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपशी घासाघीस करून एक करार आणला. संसदेनं तो जानेवारीत २३० मतांनी पाडला, मार्चमध्ये पुन्हा १४९ मतांनी. मग सभापती जॉन बर्को यांनी थेट १६०४ सालापासूनच्या प्रथेचा दाखला देऊन बजावलं की तोच प्रस्ताव तसाच्या तसा परत आणता येणार नाही. घोडं पेंड खात होतं ते मुख्यतः आयर्लंडच्या सरहद्दीवर. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये, उरलेला आयर्लंड युरोपात. मधल्या सुमारे ५०० किलोमीटरच्या सीमेवर पुन्हा तपासणी नाकी बसली तर उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या १९९८ च्या शांतता कराराचं काय होणार, यावर सगळ्यांना पटेल असं उत्तर कोणाकडे नव्हतं. आम्ही निघायच्या आदल्या रात्री युरोपनं थोडी मुदत दिली: करार मंजूर केलात तर २२ मे, नाहीतर १२ एप्रिल. हीथ्रोला उतरलो तेव्हा जुना मुहूर्त टळला होता आणि नवा कुठला, ते कोणाला सांगता येत नव्हतं.

शनिवार, २३ मार्च : पार्क लेन ते पार्लमेंट स्क्वेअर

"मामा, झोप येत असेल तर राहू दे, पण असा मोर्चा परत बघायला मिळायचा नाही," भाची म्हणाली. सौ. म्हणाली, मोर्चे बघायला लंडनला कशाला यायला हवं, पुण्यात कलेक्टर कचेरीसमोर रोज असतात. तरी बूट घालून सगळ्यांच्या आधी दारात तीच उभी.

पुन्हा सार्वमत घ्या, अशी मागणी करणारा हा मोर्चा. पार्क लेनवर बारा वाजता उभे राहिलो आणि पहिला तास जागचे हललो नाही, एवढी गर्दी. आभाळ भरलेलं, पण पाऊस नाही. निळ्या कापडावर पिवळ्या चांदण्यांचे युरोपचे झेंडे, त्याच रंगाच्या टोप्या, कुत्र्यांच्या गळ्यातही तसलेच रुमाल. मोर्चा म्हटला की कानठळ्या बसवणारा ध्वनिक्षेपक, हे आपलं गणित. इथं पायावर पाय पडला की दोन्ही बाजूंनी "सॉरी". घोषणा लांबून लाटेसारखी यायची, आपल्यापाशी येऊन ओसरायची, आणि पुन्हा लोक थर्मासातला चहा ओतायला लागायचे. फलक मात्र एकेक नमुनेदार. एका चष्मेवाल्या मुलाच्या हातात होता त्याचा अर्थ असा: परिस्थिती इतकी बिघडली आहे की आमच्यासारखे घरकोंबडेसुद्धा रस्त्यावर आलेत.

आमच्या शेजारून एक निवृत्त शिक्षिका चालत होत्या. डेव्हनहून पहाटेच्या गाडीनं आलेल्या. आयुष्यात पहिलाच मोर्चा म्हणाल्या. त्यांचा नातू नेदरलँड्समध्ये शिकतो. "त्याची पुढच्या वर्षीची फी किती ते कॉलेज सांगत नाही, कारण तो तेव्हा कोण असेल हे कॉलेजलाच माहीत नाही." हे त्यांनी अगदी शांतपणे, बसचं वेळापत्रक सांगावं अशा सुरात सांगितलं. कलम ५०, म्हणजे युरोपियन युनियन सोडायची दिलेली नोटीस, मागे घ्या, अशी मागणी करणारा अर्ज संसदेच्या संकेतस्थळावर होता. गुरुवारी त्याच्या गर्दीनं ते संकेतस्थळच बंद पडलं होतं. शनिवारी सह्या ४० लाखांवर गेल्या होत्या आणि गर्दीत दर थोड्या वेळानं कोणीतरी नवा आकडा मोठ्यानं वाचून दाखवी. पुढे तो ६० लाखांपलीकडे गेला. आयोजकांनी मोर्चाला दहा लाख लोक होते असं सांगितलं. गर्दी मोजणाऱ्या तज्ज्ञांचा नंतरचा अंदाज ३ ते ४ लाखांचा. आम्हाला विचाराल तर ग्रीन पार्कपाशी सौ.ची आणि माझी चुकामूक झाली, तेव्हा दहा लाख नक्की होते.

टीप: मोर्चाच्या दिवशी वेस्टमिन्स्टर स्टेशनच्या वाटेला जाऊ नका. दोन स्टेशनं आधी उतरून चालत जावं. बिग बेन पाहायची आमची हौस मात्र राहिली, तेव्हा मनोरा परांच्यांनी झाकलेला होता. दुरुस्तीसाठी २०१७ च्या ऑगस्टपासून घंटाही गप्प केली होती, एखादा खास प्रसंग सोडला तर.

रविवार, २४ मार्च : हॅरो

पाय दुखत होते म्हणून घरीच. भाचीचं स्वयंपाकघर उघडलं तर तूरडाळ, पोहे, दहा किलो तांदूळ, तीन बरण्या लोणचं. मी म्हटलं, ही ब्रेक्झिटची तयारी का? ती म्हणाली, "छे, ही आईनं लावलेली सवय." आपल्याकडे बेगमी कोणत्याही सरकारच्या भरवशावर नसते, हे खरंच.

शेजारच्या इंग्रज बाईंकडे मात्र नवी बेगमी होती. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. चहाला बोलावलं आणि जिन्याखालचं कपाट उघडून दाखवलं: ऑलिव्ह तेल, कॉफी, टोमॅटोचे डबे, मांजराचं खाणं. थोडं लाजतच. थायरॉईडच्या गोळ्या मात्र साठवता आल्या नव्हत्या. सरकारनं औषध कंपन्यांना सहा आठवड्यांचा जादा साठा करायला सांगितलं होतं आणि रुग्णांना सांगितलं होतं की घरी साठा करू नका. "माझ्या वाट्याच्या गोळ्या कुठल्यातरी गोदामात आहेत म्हणे," बाई म्हणाल्या, "मी मांजराचं बघितलंय, माझं सरकार बघेल."

कोपऱ्यावरच्या गुजराती काकांच्या दुकानात गेलो तर तिथं वेगळाच सूर. काका कंपालाहून १९७२ साली इदी अमीननं हाकलल्यावर आलेले. त्यांनी 'बाहेर पडा'ला मत दिलेलं, आणि कारण काय, तर हापूस. २०१४ च्या मे महिन्यात फळमाशी सापडली म्हणून युरोपियन युनियननं भारतीय आंब्यावर बंदी घातली, ती २०१५ च्या जानेवारीत उठली. ऐन हंगाम हातचा गेला. "माझं गिऱ्हाईक इथलं, माल रत्नागिरीचा, आणि बंदी घालणार ब्रसेल्स?" दुसरं कारण त्यांनी आवाज खाली करून सांगितलं: पुतण्याला स्वयंपाकी म्हणून आणायचं होतं, व्हिसा मिळाला नाही, आणि रुमानियाचा माणूस उद्या सकाळी विमानात बसून येऊ शकतो. आता बाहेर पडल्यावर पुतण्याला व्हिसा मिळेल का, असं मी विचारलं. काका वजनकाट्यावरची भेंडी नीट करत राहिले.

सोमवार, २५ मार्च : डोव्हर

सेंट पँक्रासवरून वेगवान गाडीनं तासाभरात डोव्हर. पांढऱ्या कड्यांवरून चालत जायची वाट सोपी आहे, पण वारा असा की बोललेला शब्द फ्रान्सला पोचावा. खाली बंदरात एक फेरीबोट तोंड उघडून उभी आणि तिच्या पोटातून ट्रकमागून ट्रक बाहेर. क्षणभरही न थांबता. दिवसाला दहा हजारांपर्यंत ट्रक या बंदरातून ये-जा करतात. वर कड्यावर गवतात बसून आम्ही तासभर तेच पाहिलं आणि मला पहिल्यांदा हा घोळ नीट समजला. बंदर चालवणाऱ्यांचंच म्हणणं होतं, की एकेका ट्रकमागे दोन मिनिटं जास्त लागली तर १७ मैलांची रांग लागेल. कागद तपासायला दोन मिनिटं म्हणजे काहीच नाही. बँकेत साध्या डिमांड ड्राफ्टला आम्ही वीस लावायचो.

म्हणूनच त्याच दिवशी एम-२० महामार्गावर 'ऑपरेशन ब्रॉक' सुरू झालं होतं: बंदराकडे जाणारे ट्रक एका बाजूला, बाकीची दोन्हीकडची वाहतूक दुसऱ्या बाजूला. जानेवारीत मॅन्स्टनच्या बंद पडलेल्या विमानतळावर ट्रक उभे करायची रंगीत तालीम झाली, तिला जेमतेम ८९ ट्रक आले. त्याच सुमारास जादा फेऱ्यांचं १ कोटी ३८ लाख पौंडांचं कंत्राट ज्या कंपनीला दिलं, तिच्याकडे एकही जहाज नव्हतं, असं उघड झालं आणि तेही रद्द करावं लागलं. एवढ्या शिस्तीच्या देशात हे वाचताना गंमत वाटते, पण डोव्हरचे लोक हसत नव्हते.

धक्क्याजवळच्या चहाच्या टपरीवजा हॉटेलात रुमानियाचा ट्रक ड्रायव्हर भेटला. स्पेनहून टोमॅटो घेऊन आलेला. त्याला ब्रेक्झिटबद्दल विचारलं तर म्हणाला, माझं काय, मी गाडीत झोपतो, टोमॅटो झोपत नाहीत. मालकीणबाईंनी 'बाहेर पडा'ला मत दिलेलं. डोव्हर जिल्ह्यात ६२ टक्के लोकांनी तसंच दिलं होतं. तरी त्या ड्रायव्हरला बशीत बिस्किट जास्तीचं ठेवलं, ते मी पाहिलं. फिश अँड चिप्स घेऊन बाहेर बाकावर बसलो आणि एका समुद्रपक्ष्यानं सौ.च्या हातातला माशाचा तुकडा चक्क उचलून नेला. कुठल्याही कागदपत्राशिवाय!

टीप: कड्यांवर फोनचं रोमिंग बंद ठेवा. पलीकडचं फ्रेंच नेटवर्क पकडलं जातं. माझ्या फोननं "फ्रान्समध्ये स्वागत आहे" असा संदेश दाखवला आणि घड्याळही एक तास पुढे नेलं. लायटहाऊसपर्यंत जायचं तर वाऱ्याचं जाकीट हवंच.

बुधवार, २७ मार्च : संसदेची गॅलरी

ब्रिटिश संसदेचं कामकाज कोणालाही फुकट बघता येतं, ही गोष्ट आपल्याकडच्या पर्यटकांना फारशी माहीत नसते. ओळखपत्र नाही, पत्र नाही, खासदाराची शिफारस नाही. क्रॉमवेल ग्रीनच्या दारात रांगेत उभं राहायचं, विमानतळासारखी झडती द्यायची, फोन बंद करायचा. बुधवारी दुपारी बाराचा पंतप्रधानांचा प्रश्नोत्तराचा तास मात्र टाळा. तेव्हा आधी तिकीट घेतलेल्या स्थानिकांना पहिला मान असतो. आम्ही तीनच्या पुढे रांगेत लागलो आणि दोन तासांनी काचेमागच्या बाकावर बसलो.

पहिली भावना: एवढंसंच? टीव्हीवर दिसतं त्याच्या निम्मं सभागृह. खासदार ६५०, बसायला जागा ४२७. उशिरा येणारे पायऱ्यांवर बसतात, दारात उभे राहतात. युद्धात बाँब पडून हे सभागृह बेचिराख झालं होतं. पुन्हा बांधलं तेव्हा राष्ट्रकुलातल्या देशांनी एकेक वस्तू दिली. सभापतींची खुर्ची ऑस्ट्रेलियाची आणि दारं भारत-पाकिस्तानची. दोघांनीही दारं दिली होती, हे मला तिथंच कळलं. लाल गालिच्यावर नव्हे, हिरव्या गालिच्यावर दोन लाल रेघा आहेत. समोरासमोरच्या सदस्यांच्या तलवारी एकमेकांना लागू नयेत एवढं अंतर त्यांत ठेवलं आहे म्हणतात.

त्या दिवशी नवल असं, की कामकाजाची सूत्रं सरकारकडून खासदारांनी स्वतःच्या हातात घेतली होती. सोमवारी तशी दुरुस्ती ३२९ विरुद्ध ३०२ नं मंजूर झाली होती. सभापतींनी निवडलेले आठ पर्याय: करार न करता निघा, कस्टम्स युनियनमध्ये (युरोपच्या सामायिक जकात व्यवस्थेत) राहा, पुन्हा सार्वमत घ्या, सगळं रद्दच करा, वगैरे. जो तो आपला पर्याय किती मध्यममार्गी ते पटवत होता. एकाचं बोलून झालं की दहाबारा जण एकदम उठून उभे राहत, सभापतींची नजर पडावी म्हणून. ज्याच्यावर नजर पडे तो बोले, बाकीचे खाली बसत आणि पुढच्या वेळी पुन्हा उठत. त्यातले एक वयस्क खासदार गुडघ्याला हात लावून दरवेळी उठत होते. आम्ही होतो तोवर त्यांचा नंबर लागला नाही.

निकाल रात्री घरी टीव्हीवर पाहिला. आठच्या आठ पर्याय पडले. करार न करता निघायला १६० विरुद्ध ४००, सार्वमताला २६८ विरुद्ध २९५. कशालाच बहुमत नाही. त्याच संध्याकाळी मे यांनी पक्षाच्या खासदारांना सांगितलं होतं की करार मंजूर करा, मी पद सोडते. भातावर वरण घेता घेता सौ. म्हणाली, "आपल्या सोसायटीच्या लिफ्टचं असंच झालं. जुनी नको यावर सगळे एक, नवी कोणती यावर तीन वर्षं जिने चढतोय."

गुरुवारी किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, जिथं बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहत होते, ते बाहेरून पाहून आलो आणि विश्रांती घेतली.

शुक्रवार, २९ मार्च : न आलेला मुहूर्त

लख्ख ऊन. कोटाची गरज पडू नये असं. पार्लमेंट स्क्वेअर पुन्हा भरलेला, पण आता झेंडे युनियन जॅकचे. 'बाहेर पडा'वाल्यांपैकी काहीजण १६ मार्चला सुंदरलँडहून चालत निघाले होते, ते आज पोचायचे होते. शनिवारच्या मोर्चात थर्मास होते, इथं बिअरचे डबे होते. एवढ्यावरून कोणी काही ठरवू नये, कारण माझ्या शेजारी कठड्याला टेकून उभा असलेला साठीचा गृहस्थ बिअर नव्हे तर बटाट्याचे वेफर्स खात होता आणि पुडा त्यानं आधी आमच्यापुढे धरला.

तो सुंदरलँडचाच. वडील जहाजबांधणीच्या गोदीत. ती गोदी १९८८ मध्ये बंद झाली. "तेव्हा आमच्यासाठी लंडनमध्ये कोणी मोर्चा काढला नाही," तो म्हणाला. त्याचे उच्चार निम्मे माझ्या डोक्यावरून जात होते, पण हे नीट कळलं. "तीन वर्षांपूर्वी यांनी विचारलं, आम्ही सांगितलं. उत्तर आवडलं नाही म्हणून तोच प्रश्न परत? मग आधी विचारलंत कशाला?" माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. शनिवारी त्या शिक्षिकाबाईंचं पटलं होतं, याचंही पटत होतं. सौ. मला म्हणाली, तुम्ही दोन्हीकडे मान डोलवता म्हणून बँकेत तुमची बदली सारखी व्हायची.

अडीचच्या सुमारास करार तिसऱ्यांदा पडल्याची बातमी आली: २८६ विरुद्ध ३४४. मी म्हटलं आता इथं रडारड होणार. झालं उलटंच, चौकात जल्लोष! कारण यांनाही हा करार नकोच होता. त्यात नुसतं नाव बाहेर पडण्याचं, म्हणत. म्हणजे राहणारे खूश, कडवे बाहेर पडणारे खूश, आणि देश होता तिथंच. संध्याकाळी व्हाइटहॉलच्या बाजूला आरडाओरडा वाढला, पोलिसांच्या घोड्यांची रांग उभी राहिली तशी आम्ही काढता पाय घेतला.

रात्री अकराला खिचडी खात टीव्हीसमोर बसलो होतो. अकरा वाजले. काही झालं नाही. भाचीनं भांडी मशिनमध्ये लावली.

रविवार, ३१ मार्च : स्विंडन

या सबंध प्रवासात मला कोणाला भेटायचंच होतं, तर ते आमच्या म्हापशाच्या शाखेतल्या कॅशियरला. २०१२ मध्ये नोकरी सोडून तो इथं आला. आला कसा, हे गोव्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात. त्याआधी तिथं जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे युरोपचा पासपोर्ट, आणि युरोपचा पासपोर्ट म्हणजे तेव्हा ब्रिटनमध्ये राहायची, काम करायची मुभा होती. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. असे हजारो गोंयकार आज साउथॉल, वेम्बली आणि विशेषकरून स्विंडनमध्ये आहेत. पोर्तुगालात त्यातल्या कित्येकांनी पाऊलही ठेवलेलं नाही.

पॅडिंग्टनहून गाडीनं सुमारे एक तास. त्या पहाटे घड्याळं एक तास पुढे गेली होती. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथं तसं होतं, गाडी पकडायची असेल तर ध्यानात ठेवा. चर्चमधून लोक बाहेर पडत होते आणि पायऱ्यांवर सगळी कोकणी. इथला 'मदर्स डे' होता म्हणून बायकांच्या हातात डॅफोडिल्सच्या जुड्या. "साहेब!" अशी हाक आली. केस पिकलेत, मिठी तीच.

घरी शाकुती, सान्नां आणि बांगड्याचं सुकं. बांगडा इथला, जरा तेलकट, पण मसाला बायकोनं शिवोलीहून आणलेला. तो गोदामात रात्रपाळी करतो; सामान उतरवायचं, स्कॅन करायचं, चढवायचं. मुलगा होंडाच्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्याकडे. होंडानं फेब्रुवारीत जाहीर केलं होतं, की २०२१ मध्ये स्विंडनचा कारखाना बंद, ३,५०० नोकऱ्या जाणार. कंपनी म्हणाली कारण ब्रेक्झिट नाही. गावात ज्याला जे मानायचं ते तो मानतो. स्विंडननंही जवळपास ५५ टक्के मत 'बाहेर पडा'ला दिलं होतं.

जेवण झाल्यावर टेबल पुसून त्यावर पासपोर्ट मांडले गेले. युरोपच्या नागरिकांना इथं पुढेही राहायचं तर सरकारकडे अर्ज करायचा, ती योजना आदल्याच दिवशी, ३० मार्चला, सगळ्यांसाठी खुली झाली होती. तीस लाखांहून जास्त लोकांनी करायचा अर्ज. आधी ६५ पौंड फी ठेवली होती, जानेवारीत ओरड झाल्यावर माफ केली. अर्ज फोनवरच्या ॲपमधून, आणि ॲप तेव्हा चालायचं फक्त अँड्रॉइडवर. मुलाकडे आयफोन. कॅशियरसाहेबांचा फोन पुरातन. माझा अँड्रॉइड पुण्याहून घेतलेला, मोठ्या ऐटीत पुढे केला, तर त्यात पासपोर्टची चिप वाचायची सोयच नाही. शेवटी वरच्या मजल्यावरच्या पोलिश शेजाऱ्याचा फोन आणला. तोही लगेच आला, कारण त्याच्याही घरात हाच कार्यक्रम चालला होता.

पासपोर्ट टेबलावर, त्यावर फोन ठेवायचा, चिप सापडेपर्यंत मिलिमीटरनं सरकवायचा. मुलगा म्हणे वर, मुलगी म्हणे खाली, पोलिश शेजारी म्हणे कव्हर काढा. एकदाची टिंग वाजली. मग चेहरा. फोन डोळ्यांसमोर धरायचा आणि पडद्यावर लाल, हिरवे, निळे रंग झगझगतात. रात्रपाळी करून आलेला माणूस, डोळे तांबारलेले, त्या रंगांत स्थिर बसायचा प्रयत्न करत होता. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा चष्मा काढला. "साहेब," तो डोळे न हलवता म्हणाला, "मी वीस वर्षं लोकांच्या सह्या जुळवल्या. आता हे बघतायत माझं तोंड जुळतं काय."

पाच वर्षं सलग राहिल्याचा पुरावा ॲप कराच्या नोंदींवरून स्वतःच शोधतं. त्याची सात वर्षं दिसली. मुलगा नंतर आलेला, त्याला कच्चा दर्जा मिळणार, पाच वर्षं भरली की पक्का. मुलगी बापावर अवलंबून, तिचा अर्ज त्याच्या अर्जाला जोडला. बायकोचा पासपोर्ट अजून भारतीय, तिची वाट वेगळी.

परतीच्या गाडीत एक गोष्ट मनातून जाईना. २०१६ च्या सार्वमतात मत कोणाला होतं? ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना, आणि इथं राहणाऱ्या राष्ट्रकुलाच्या नागरिकांना. म्हणजे भारतीय पासपोर्टवर, वर्क व्हिसावर तेव्हा जेमतेम दोन वर्षं राहिलेल्या आमच्या जावयानं मत दिलं होतं. आणि भारतीय पासपोर्ट देऊन पोर्तुगीज घेतलेल्या या कॅशियरला मत नव्हतं. मत जावयाला, धाकधूक याला. हे मी जावयाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामा, खरं सांगू? मी त्या दिवशी ऑफिसला उशीर होतो म्हणून देणारच नव्हतो."

सोमवार, १ एप्रिल आणि पुढे

हौसेनं पुन्हा संसदेच्या रांगेत लागलो. पाचच्या सुमारास रांग थांबली. पुढून कुजबुज आली की गॅलरीत लोकांनी कपडे काढलेत. एक एप्रिल असल्यामुळे कोणी विश्वास ठेवेना. खरंच होतं: हवामानबदलाकडे लक्ष वेधायला काही आंदोलक अर्धेअधिक कपडे उतरवून काचेला पाठ लावून उभे राहिले होते, काहींनी हात काचेला चिकटवले होते. खाली चर्चा तशीच चालू राहिली म्हणे. आमच्यामागच्या आजोबांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, आज आतमध्ये बघण्यासारखं काही तरी होतं. त्या रात्री चार पर्यायांवर मतदान, चारही पडले. कस्टम्स युनियनचा अवघ्या ३ मतांनी.

बुधवारी एका दुरुस्तीला ३१० विरुद्ध ३१०, मग सभापतींचं निर्णायक मत; आणि करार न करता बाहेर पडणं टाळायचं विधेयक ३१३ विरुद्ध ३१२ असं एका मतानं पुढे सरकलं. गुरुवारी सभागृहात छत गळायला लागलं, पत्रकारांच्या गॅलरीत धो धो पाणी, कामकाज तहकूब. ही इमारत पडायला आली आहे हे सगळ्यांना माहीत आहे, पण दुरुस्तीसाठी बाहेर कधी पडायचं, हेही भिजत घोंगडं.

शनिवार, ६ एप्रिल : पाडवा

कडुलिंबाचा पाला वेम्बलीच्या ईलिंग रोडवर मिळाला. श्रीखंडाला ग्रीक दही टांगलं, ते छान झालं. आपल्या चक्क्यापेक्षा आंबटपणा कमी लागतो, साखर त्या बेतानं घाला. काठीसाठी भाचीनं पडद्याचा दांडा काढला. शेजारच्या बाई कुंपणापलीकडून बघत होत्या. नवीन वर्ष आहे, असं सांगितल्यावर म्हणाल्या, वा, निदान तुमचं तरी ठरल्या दिवशी आलं. त्यांना वाटीभर श्रीखंड दिलं, त्यांनी कपाटातल्या साठ्यातून कॉफीची बाटली काढून दिली. आम्ही नको नको म्हणत होतो. "घ्या हो, बारा तारखेपर्यंत एवढी पिऊन होणार नाही," बाई म्हणाल्या.

दुपारी गुजराती काका स्वतः येऊन हंगामाचा पहिला हापूस देऊन गेले, देवगडचा, डझनाची पेटी. पैसे पूर्ण घेतले.

लंडनमध्ये सणाला असाल तर महाराष्ट्र मंडळाची चौकशी करा. १९३२ पासूनचं मंडळ आहे आणि डॉलिस हिलला स्वतःची वास्तू आहे. फिरायला ऑयस्टर कार्ड काढायची आता गरज नाही, परदेशी चालणारं बँकेचं कार्ड टेकवलं तरी तेच भाडं पडतं. तुमची बँक दर व्यवहाराला किती कापते ते आधी विचारून घ्या.

आम्ही पुण्यात परतल्यावर १० एप्रिलच्या रात्री ब्रसेल्समध्ये युरोपचे नेते पहाटेपर्यंत बसले आणि नवी तारीख दिली, ३१ ऑक्टोबर. दुसऱ्या दिवशी स्विंडनहून फोन आला. तारखेचा विषय त्यानं काढलाच नाही. त्याचं स्वतःचं पक्कं झालं, मुलाचं कच्चं आलं, मुलीचं तपासात आहे. बायकोला बोटांचे ठसे द्यायला केंद्रात बोलावलंय, वेळ सकाळी नऊची. रात्रपाळी संपवून तिला पोचवणं जमणार नाही म्हणून त्यानं एक दिवसाची रजा टाकली आहे. ती मंजूर झाली की कळवतो म्हणाला.